मानेवरची जन्मजात गाठ: पाणी काढलं तरी परत का भरते?

मी नाशिकमध्ये एका हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा ओपीडीत सिस्टर आहे, १७ वर्षं झाली. टॉन्सिल, कानातला मळ, घोळणा फुटलेली पोरं हे रोजचंच, पण मधूनमधून असं एखादं लेकरू येतं ज्याच्या मानेवर गाठ असते आणि त्या गाठीवर आधीच एक-दोन चिरांचे व्रण असतात. ते व्रण बघितले की मला फार वाईट वाटतं, कारण त्यातले बरेचसे टाळता आले असते.

मागच्या पावसाळ्यात दिंडोरीकडची सहा वर्षांची एक मुलगी आली, बरोबर आई, आजी आणि मामा. गळ्याच्या बरोबर मधोमध, कंठाच्या जरा वर बोराएवढी गाठ आणि तिच्यावर आडवा व्रण. आजी सांगायला लागली की दोनदा गळू झालं म्हणून चिरलं, पू काढला, महिनाभर बरं वाटलं आणि परत भरलं, आता गावात लोक म्हणतात कॅन्सर असेल. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलीला म्हणाले, बाळा जीभ बाहेर काढ बरं. तिने काढली आणि गळ्यावरची गाठ सरकन वर गेली. जीभ आत घेतली, गाठ खाली. मामा उठून जवळ आला, म्हणाला परत काढ गं. परत तेच. आई बघतच राहिली, दोन वर्षं रोज त्या पोरीला आंघोळ घालते पण हे कधी दिसलंच नव्हतं.

जिभेचा आणि गळ्यावरच्या गाठीचा काय संबंध, हे एकदा कळलं ना की ही गाठ कुठून येते, चिरली तरी परत का येते आणि ऑपरेशनमध्ये हाडाचा तुकडा का काढतात, हे सगळं आपोआप कळत जातं.

आधी सिस्ट म्हणजे काय ते बघू

आपण मराठीत सगळ्यालाच गाठ म्हणतो. घसा दुखून जबड्याखाली दुखरी गाठ येते ते अवधाण, चार-आठ दिवसांत उतरतं. टीबीच्या गाठी येतात त्याला जुनी माणसं गंडमाळ म्हणायची. गळू म्हणजे पू साठलेला, चिरला की मोकळा. सिस्ट यापेक्षा वेगळी. सिस्ट म्हणजे स्वतःचं अस्तर असलेली बंद पिशवी, आत पाणी किंवा चिकट द्रव किंवा साबणासारखा मऊ पांढरा गाळ, आणि महत्त्वाचं हे की तो द्रव बाहेरून येऊन साठत नाही, ते अस्तरच तो तयार करतं.

म्हणून ती विहिरीसारखी असते. विहीर उपसली तर दोन दिवस कोरडी दिसेल, पण झरे जिवंत असतील तर परत भरणारच. सुईने पाणी काढणं किंवा चीर देऊन रिकामी करणं म्हणजे नुसता उपसा, झरे म्हणजे ते अस्तर, ते जागच्या जागी असतं.

पोटात असताना चौथ्या-पाचव्या आठवड्यात काय घडतं

या गाठींचं मूळ फार मागे आहे. बाळ पोटात चार-पाच आठवड्यांचं असताना जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं असतं, बऱ्याच बायांना तर तोपर्यंत दिवस गेलेत हेही माहीत नसतं. त्या वेळी मान आणि चेहरा घडत असतो आणि त्यात दोन मोठ्या घडामोडी होतात.

पहिली म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा प्रवास. थायरॉइड आपल्या गळ्यात खाली असते पण तिची सुरुवात होते जिभेच्या बुडाशी. तिथे मागे एक बारीक खड्डा असतो, तुमच्या माझ्या सगळ्यांच्या जिभेला असतो, ती त्या सुरुवातीची खूण. तिथून ग्रंथी खाली सरकत सरकत साधारण सातव्या आठवड्यापर्यंत आपल्या जागेवर येते, येताना मागे एक बारीक नळी सोडत येते आणि तिचं काम झालं की ती नळी विरून जायला हवी. काहींमध्ये तिचा एखादा तुकडा विरायचा राहतो.

दुसरी घडामोड मानेच्या दोन्ही बाजूंना. तिथे त्या आठवड्यांत एकाखाली एक अशा घड्या आणि मधे खाचा तयार होतात, दिसायला माशाच्या कल्ल्यांसारख्या, म्हणून डॉक्टरांनी त्यांना ब्रँकियल असं नाव दिलं, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कल्लेच. माणसाच्या बाळाला खरे कल्ले कधीच नसतात, या घड्यांपासून जबडा, कानाची हाडं, गळ्याचे स्नायू असं बरंच काही बनतं आणि खाचा बुजून जातात. एखादी अर्धवट बुजली तर तिथेही पिशवी किंवा बोळ राहतो.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात, दहीपुलावर पाणी भरतं आणि दुकानदारांची धावपळ होते. कारण खालून सरस्वतीचा जुना प्रवाह जातो, वरून झाकला, बाजार उभा राहिला, रोज चालताना कोणाला पत्ताही लागत नाही, पण पाणी वाढलं की ते जुन्या वाटेनेच डोकं वर काढतं. दुकानातलं पाणी बादलीने काढून ही अडचण सुटत नाही कारण वाट खाली आहे. मानेतली ही नळी तशीच झाकली गेलेली जुनी वाट आहे.

मग इतकी वर्षं कुठे होती?

हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. जन्मजात आहे म्हणता, मग पोरगी पाच वर्षांची होईपर्यंत काही कसं दिसलं नाही, आणि काही जण तर पंचविशीत येतात. तर वाट जन्मापासूनची असते, गाठ नंतर भरते. थायरॉइडच्या नळीचं मूळ जिभेशी असल्यामुळे तोंडातले जंतू तिथे पोचू शकतात, आणि मानेच्या बाजूच्या सिस्टच्या भिंतीत अवधाणाच्या गाठीत असतात तशाच पेशी असतात, म्हणून साधी सर्दी, घसा दुखणं झालं की त्या फुगतात. आधी डाळीएवढी गाठ असते, कोणाच्या लक्षात येत नाही, एका तापात ती लिंबाएवढी होते आणि घरच्यांना वाटतं आताच झाली.

आणि सगळ्यांची भरतेच असं नाही. मोठ्या माणसांच्या तपासणीत सुमारे ७ टक्के लोकांत या थायरॉइड नळीचे अवशेष सापडलेत, म्हणजे सीबीएसवर बसची वाट बघणाऱ्या १०० माणसांत सात जणांकडे ती वाट असेल आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही त्रास होणार नाही.

गाठ कुठे आहे त्यावरून अर्धं निदान

गळ्याच्या मधोमध, कंठाच्या आसपास, आवंढा गिळताना आणि जीभ बाहेर काढताना वर सरकणारी गाठ ही बहुतेक थायरोग्लॉसल सिस्ट, म्हणजे वर सांगितलेल्या थायरॉइडच्या नळीची. जन्मजात मानेच्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त दिसते. थायरॉइडची साधी गाठही गिळताना हलते पण जीभ काढल्यावर वर जात नाही, म्हणून ती जिभेची परीक्षा.

मानेच्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, मान वळवली की जो जाड स्नायू उठून दिसतो त्याच्या पुढच्या कडेला मऊ गुळगुळीत गाठ असेल तर ती ब्रँकियल सिस्ट असू शकते. यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त दुसऱ्या खाचेच्या असतात. काही मुलांना गाठ नसते, मानेच्या खालच्या भागात टाचणीएवढं भोक असतं आणि त्यातून थेंब थेंब चिकट पाणी येतं, शर्टाची कॉलर ओली होते, आई म्हणते लाळ गळते. ते भोक म्हणजे बोळाचं तोंड. बोळ आत जाऊन बंद होत असेल तर त्याला सायनस म्हणतात, आणि आत टॉन्सिलपर्यंत जाऊन दोन्हीकडे उघडत असेल तर फिस्टुला. पुढे मी बोळच म्हणते, सगळ्यांना समजतं.

पहिल्या खाचेची गाठ कानाजवळ किंवा जबड्याच्या कोनापाशी येते, कधी कानातून पू येतो आणि त्याच वेळी जबड्याखाली भोक वाहतं, आणि दोन वेगळ्या डॉक्टरांकडे दोन वेगळे उपचार चालू असतात. इथे चेहऱ्याची नस अगदी लागून असते, म्हणून ही गाठ घाईत चिरणं फार धोक्याचं, नस दुखावली तर तोंड वाकडं होतं.

तिसऱ्या-चौथ्या खाचेच्या दुर्मीळ, पण त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही कारण त्या हमखास चुकतात. लहान मुलाला मानेच्या खालच्या भागात, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, थायरॉइडजवळ वारंवार गळू होतं. चिरतात, बरं होतं, सहा महिन्यांनी परत. एका मुलाला आमच्याकडे येईपर्यंत तीनदा चिरलेलं होतं. याचं तोंड आत घशात, अन्ननलिकेच्या वरच्या अंगाला असतं आणि थुंकी, अन्नाचे कण तिथून आत जातात. सूज पूर्ण उतरल्यावर बेरियम पाजून एक्सरे काढला किंवा दुर्बिणीने पाहिलं की ते तोंड दिसतं, आणि बऱ्याच जणांत दुर्बिणीतूनच ते जाळून बंद करता येतं, मान न उघडता. एकाच बाजूला दुसऱ्यांदा गळू झालं की हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा.

भुवईच्या बाहेरच्या टोकाला जन्मापासून असलेली टणक गुळगुळीत गोळी ही डरमॉइड. चेहरा घडताना त्वचेचा तुकडा आत अडकतो आणि त्वचा जे बाहेर करते ते आत करत राहते, तेल सोडते, केस उगवते. भुवईपाशी ती सहसा साधी असते. पण नाकाच्या मध्यरेषेवर बारीक छिद्र आणि त्यातून एक-दोन केस बाहेर आलेले असतील तर प्रकरण वेगळं. सिन्नरची एक आई सांगत होती की ती दर महिन्याला तो केस चिमट्याने उपटते, छान दिसावं म्हणून. तिला समजावून सांगितलं की ताई तो बोळ कधीकधी कवटीच्या आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला असतो, तिथे जंतू गेले तर मेंदूज्वराची भीती असते. अशा गाठीला एमआरआय झाल्याशिवाय सुईसुद्धा लावायची नाही.

कानासमोरचं बारीक छिद्र मात्र खूप जणांना असतं, त्रास नसेल तर हात लावायची गरज नाही.

तपासणीत काय बघतात

सुरुवात सोनोग्राफीने. लहान मुलांसाठी ती सगळ्यात चांगली, किरण नाहीत, भूल नाही, आईच्या मांडीवर बसून होते. त्यात पाणी आहे की भरीव आहे, पिशवी किती खोल आहे हे कळतं, आणि मधल्या गाठीच्या वेळी अजून एक गोष्ट बघायचीच असते जी कधीकधी राहून जाते, ती म्हणजे खाली थायरॉइड आपल्या जागेवर आहे का.

हे एवढं महत्त्वाचं का, तर क्वचित असं होतं की ग्रंथी प्रवासातच अडकलेली असते आणि जी गाठ म्हणून दिसते तीच त्या बाळाची एकुलती एक थायरॉइड असते. ती सिस्ट समजून काढून टाकली तर त्या मुलाला जन्मभर थायरॉइडची गोळी घ्यावी लागते. म्हणून सोनोग्राफी सांगताना कागदावर मानेच्या गाठीबरोबर थायरॉइडही बघा असं लिहिलंय का ते बघा, नसेल तर विचारायला संकोच करू नका. गरज वाटली तर टीएसएच नावाची रक्ताची तपासणीही करतात.

गाठ खोल असेल, बोळ कुठपर्यंत गेलाय ते समजत नसेल तर सीटी किंवा एमआरआय. आणि बारीक सुईने गाठीतले थोडे पाणी-पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्याला एफएनएसी म्हणतात. लोकांना भीती असते की सुई लावली की गाठ बिघडते, कॅन्सर पसरतो. ही बारीक सुई आहे, इंजेक्शनसारखी, आणि मोठ्या माणसांत तर ती केल्याशिवाय पुढे जाऊच नये. इथे एक फरक लक्षात घ्या, निदानासाठी घातलेली सुई वेगळी आणि दर महिन्याला पाणी काढून घरी पाठवणं वेगळं.

ऑपरेशनमध्ये हाड का काढतात?

आता त्या जिभेच्या कोड्याकडे. कंठाच्या वर, हनुवटीच्या खाली, घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, हायॉइड नावाचं. शरीरात दुसऱ्या कुठल्याही हाडाला ते जोडलेलं नाही, स्नायूंवर तोललेलं असतं आणि जीभ त्याला बांधलेली असते. थायरॉइडची ती जुनी नळी या हाडाच्या मधल्या भागाला अगदी चिकटून जाते. म्हणून जीभ बाहेर काढली की हाड वर ओढलं जातं, हाडाबरोबर नळी आणि नळीबरोबर गाठ.

पूर्वी सर्जन फक्त दिसणारी पिशवी काढायचे आणि मग जवळपास निम्म्या लोकांत गाठ परत यायची. १९२० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे सर्जन वॉल्टर सिस्ट्रंक यांनी जी पद्धत लिहिली ती आज १०० वर्षांनंतरही तशीच चालू आहे. पिशवी, हायॉइडचा मधला तुकडा आणि तिथून जिभेच्या बुडापर्यंतचा मांसाचा पट्टा, हे सगळं एकत्र काढायचं, कारण नळीला बारीक फाटे असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. असं केलं की परत येण्याचं प्रमाण १०० मध्ये चार-पाचपर्यंत खाली येतं. तुम्हाला कोणी ऑपरेशन सुचवलं तर सिस्ट्रंक करणार का एवढं विचारा. नुसती गाठ काढू म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, मी माझ्या भाच्यालाही हेच सांगेन.

दिंडोरीच्या त्या मुलीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ट्रे धरला होता. बोराएवढी पिशवी, जुन्या चिरांमुळे आजूबाजूला सगळं घट्ट चिकटलेलं, आणि पिशवीला लागून हाडाचा हरभऱ्याएवढा तुकडा. एवढ्याशासाठी पोरीने दोन वर्षं भोगलं होतं. जिथे एरवी भराभर काम होतं तिथे डॉक्टरांना बराच वेळ लागला, कारण आधीच्या प्रत्येक चिरेने वाट अजून गुंतागुंतीची करून ठेवली होती.

हाड काढल्यावर गिळता येईल का, बोलता येईल का?

येतं. मधला छोटा भाग काढल्याने गिळणं, बोलणं, जेवण यात फरक पडत नाही, सुरुवातीचे काही दिवस दुखतं, मऊ भात, खिचडी, पेज द्यायची. एक-दोन दिवस एक बारीक नळी ठेवतात म्हणजे रक्त-पाणी आत साठत नाही, ती निघाली की घरी. व्रण गळ्याच्या आडव्या घडीत घेतात, वर्षभरात बराच फिका पडतो. मुलींच्या घरचे लग्नाच्या काळजीने विचारतात, त्यांना मी हेच सांगते की नीट केलेल्या एका ऑपरेशनचा व्रण आणि चारदा फुटलेल्या गाठीचा व्रण यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

धोका काहीच नाही असं मात्र कोणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, गाठ परत येणं हे कोणत्याही अशा ऑपरेशनमध्ये होऊ शकतं, आणि बाजूच्या ब्रँकियल गाठीत खांदा उचलणारी नस, जीभ हलवणारी नस, ओठाच्या कोपऱ्याची नस आसपास असतात, म्हणून हात बसलेला सर्जन हवा.

गाठ लाल होऊन ठुसठुसतेय, आजच काढून टाका

नाही काढत, आणि यावरून ओपीडीत सगळ्यात जास्त वाद होतात. पेठ, सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून माणसं येतात आणि आम्ही सांगतो की आधी औषध, मग चार-सहा आठवड्यांनी ऑपरेशन. त्यांना वाटतं टाळाटाळ चाललीय. पण सूज असताना सगळे थर एकमेकांत मिसळलेले असतात, पिशवी कुठे संपते आणि नस कुठे सुरू होते ते कळत नाही, पिशवी फुटते, अर्धी आत राहते. म्हणून आधी अँटिबायोटिक, पू खूप असेल तर शक्यतो जाड सुईने ओढून काढायचा, आणि अगदीच गरज पडली तरच छोटी चीर. सूज पूर्ण बसली की मग मूळ काम. फेरी परत मारावी लागते हे खरं आहे, त्रास होतो, पण ही फेरी पुढच्या दहा फेऱ्या वाचवते.

तान्ह्या बाळाची मोठी गाठ

हा प्रकार वेगळा आहे आणि घरच्यांना सगळ्यात घाबरवणारा. बाळ जन्मतःच मानेला एका बाजूला मोठी लिबलिबीत सूज, किंवा पहिल्या दोन वर्षांत दिसलेली. याला सिस्टिक हायग्रोमा म्हणतात, हल्ली लसिका वाहिन्यांची विकृती असंही म्हणतात. शरीरात रक्तवाहिन्यांसारखं एक दुसरं बारीक नळ्यांचं जाळं असतं जे ऊतींमधलं जादा पाणी परत नेतं, ते एखाद्या ठिकाणी नीट जोडलं गेलं नाही की पिशव्या फुगतात. खोलीतला लाइट बंद करून गाठीला टॉर्च लावला तर अख्खी गाठ आतून लालसर उजळते, मुठीत मोबाइलचा टॉर्च धरल्यावर बोटं दिसतात तशी.

काहींच्या पिशव्या मोठ्या असतात, निफाडच्या द्राक्षाच्या घडासारख्या, त्यांचा उपचार सोपा. काहींच्या डाळिंबाच्या दाण्यांसारख्या असंख्य बारीक, जीभ, गाल सगळीकडे पसरलेल्या, त्यांना वेळ लागतो. पूर्वी सरसकट ऑपरेशन करायचे, आता मोठ्या पिशव्यांमध्ये सोनोग्राफीत बघत पाणी काढून आत औषध सोडतात, त्याने अस्तर आकसतं आणि पिशवी आतून चिकटते. म्हणजे उपसा करून थांबत नाहीत तर झरेच बुजवतात. आपल्याकडे यासाठी ब्लिओमायसिन बरंच वापरतात. आता हे नाव मोबाइलवर शोधलं की कॅन्सरचं औषध असं येतं आणि आई-बाप हादरून जातात, बाळाला कॅन्सर आहे आणि आम्हाला सांगत नाहीत असं वाटतं. कॅन्सर नसतो. तेच औषध थोड्या मात्रेत पिशवी चिकटवायला वापरतात. त्याची एकूण मात्रा मोजून ठेवावी लागते कारण जास्त झाली तर फुप्फुसांना त्रास होऊ शकतो, म्हणून प्रत्येक इंजेक्शनचा कागद फाइलमध्ये ठेवा, डॉक्टर बदलले तर नक्की दाखवा. काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन किंवा जास्त वेळा द्यावं लागतं, आणि आधी सूज थोडी वाढते, ताप येतो, मग उतरायला लागते. फार पसरलेल्या, हट्टी गाठींना सिरोलिमस नावाचं पोटात घ्यायचं औषधही देतात.

एकच गोष्ट थांबू नका म्हणून सांगते. बाळ श्वास घेताना आवाज करतंय, छाती आत ओढली जातेय, दूध ओढता येत नाहीय किंवा गाठ एका रात्रीत दुप्पट झाली तर सकाळची वाट बघायची नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी हा भाग नीट वाचावा

वरचं सगळं वाचून एखाद्या ४८ वर्षांच्या माणसाला वाटेल की माझ्याही मानेवर मऊ पाण्याची गाठ आहे, म्हणजे जन्मजातच. हे समजणं जीवावर बेतू शकतं. टॉन्सिलमध्ये, जिभेच्या मागच्या भागात किंवा थायरॉइडमध्ये बारीक कॅन्सर असतो, तिथे काही जाणवत नाही आणि त्याची पहिली खूण म्हणून मानेत पाण्याने भरलेली गाठ येते, सोनोग्राफीत ती हुबेहूब ब्रँकियल सिस्टसारखी दिसते. आमच्याकडे एक तंबाखू खाणारे काका आले होते, दुसरीकडे कुठेतरी तीन वेळा पाणी काढलेलं, रिपोर्टमध्ये काही आलं नव्हतं कारण नुसत्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडतीलच असं नसतं. नंतर सोनोग्राफीत बघून गाठीच्या भिंतीतून सुई घेतली तेव्हा कळलं, मूळ टॉन्सिलमध्ये होतं. चार महिने गेले होते.

म्हणून चाळिशीनंतर नव्याने आलेली मानेच्या बाजूची गाठ, तंबाखू-बिडी असो वा नसो, दुर्बिणीने घसा तपासून आणि सुईची तपासणी करूनच पुढे जायचं. आपल्याकडे टीबीची गाठही आतून पातळ होऊन सिस्टसारखी वाटते, तेही बघावं लागतं, तिला ऑपरेशन नको, औषधांचा कोर्स लागतो.

मुलांच्या बाबतीत मात्र कॅन्सरची भीती मनातून काढा. थायरोग्लॉसल सिस्टमध्ये कॅन्सर सापडण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आणि तेही बहुतेक मोठ्या वयात. तरी काढलेली गाठ तपासायला पाठवायचीच, तो रिपोर्ट घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका.

लेप, बिब्बा, चुना

घरात वडीलधारी माणसं मायेनेच करतात, मी त्यांना रागावत नाही. पण अस्तर असलेली पिशवी वरून लावलेल्या कशानेही विरघळत नाही, गोळ्यांनी सूज उतरते, पिशवी राहते. आणि बिबा लावला तर कातडी भाजते, चुन्याने सोलते, त्या जागी जंतू शिरतात आणि उद्या जिथे बारीक सुबक चीर द्यायची तिथे जखम झालेली असते. सुई तापवून फोडणं तर अजिबात नको.

ग्रहणात काही चिरलं होतं का?

हा प्रश्न आमच्या ओपीडीत सासूने सुनेला विचारलेला मी माझ्या कानांनी ऐकलाय, आणि ती सून बाळाला छातीशी धरून खाली मान घालून उभी होती. मी कात्रीला हात लावला नव्हता, आत्या, असं हळूच म्हणाली.

या आयांसाठी मला स्पष्ट लिहायचंय. ग्रहणात भाजी चिरली, सुई-दोरा हातात घेतला, पपई खाल्ली, खालच्या पायरीवर बसली, यातल्या कशानेही ही गाठ होत नाही. मान घडते तो काळ चौथा ते आठवा आठवडा, तेव्हा बहुतेक घरांत बातमीसुद्धा सांगितलेली नसते. त्या एवढ्याशा जीवात एकाच वेळी लाखो गोष्टी जुळत असतात आणि एखादी नळी विरायची राहते. आईने काही केलं म्हणून नाही आणि काही करायचं राहिलं म्हणूनही नाही.

खर्चाचं काय?

शाळा-अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांची टीम येते ना, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, मानेवरची गाठ, भोक दाखवा, तिथून पुढे पाठवणी होते. महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणजे सरकारची मोफत उपचारांची योजना, त्या योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये मदतीला आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन ऑपरेशनची तारीख ठरवायच्या आधी त्याला भेटा, नंतर नाही.

पुढच्या मुलालाही होईल का?

थायरोग्लॉसल सिस्ट, डरमॉइड, हायग्रोमा या सहसा घराण्यात उतरत नाहीत, पुढच्या बाळाची त्यासाठी काळजी नको. अपवाद आहे तो मानेच्या बाजूच्या भोकांचा. दोन्ही बाजूंना भोकं असतील, कानासमोरही छिद्रं असतील आणि मुलाला ऐकू कमी येत असेल तर तो एक आनुवंशिक प्रकार असू शकतो ज्यात मान, कान आणि मूत्रपिंडं तिन्हींवर परिणाम असतो, आणि आई किंवा वडिलांत तो असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशा मुलांची ऐकण्याची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घेतात.

कळवणच्या एका चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत डॉक्टर हे सगळं समजावत होते, वडील ऐकत होते आणि आई सारखी वडिलांच्या तोंडाकडे बघत होती, ते काय म्हणतात ते ओठांवरून समजून घेत. मग तिने पदर जरा बाजूला केला, केस मागे घेतले आणि बोट ठेवून दाखवलं. कानासमोर एक छिद्र, मानेवर एक. लहानपणापासून होतं, कोणी विचारलं नाही म्हणून कधी कोणाला दाखवलं नव्हतं. त्या दिवशी ऐकण्याच्या तपासणीच्या चिठ्ठ्या आम्ही दोन केल्या, एक मुलाच्या नावाची आणि एक तिच्या.